उद्याबाईंच्या पट्ट्याचा सांधा

भावोजींनी चोरी केली आहे असं कळवणारं पत्र मंगळवारी सकाळी आलं. ताईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यांनी? यांना स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडत नाही, हे काय चोरणार?"

पत्र म्हणजे कागद नव्हे, मोबाइलवर आलेला निरोप. ज्या साइटवर भावोजी आपले आवाज ठेवतात, त्या साइटने पाठवलेला. 'तुमच्या खात्यातले तीन आवाज दुसऱ्याच्या मालकीचे आढळले आहेत. तीन तक्रारींनंतर खातं बंद केलं जातं. सात दिवसांनी खातं आणि त्यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल.' खाली सही नाही, नाव नाही, हुद्दा नाही. मी एकतीस वर्षं लायसन्सच्या ऑफिसात काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेली बाई आहे. बिनसहीचं पत्र बघितलं की माझं डोकंच फिरतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिलाई मशीन दुरुस्त करतात. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीखाली लांब बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले चामड्याचे पट्टे, आणि खोक्यांमध्ये उभी लावलेली शेकडो छोटी पाकिटं. मशीनमधून काढलेला कुठलाही तुकडा ते टाकत नाहीत. पाकिटात घालतात, वर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहितात. ताई म्हणते, "दाताचे डॉक्टरसुद्धा काढलेले दात ठेवत नाहीत हो." त्यावर भावोजी हसतात आणि आणखी एक पाकीट लावतात.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे कान. गिऱ्हाइकाने चार टाके चालवले की हे पाठमोरे असले तरी सांगायचे, "सुई वाकडी आहे, बदला." किंवा "खालची बॉबिन कोणी दुसरीच घातली?" आणि नेमका तोच कान तीन वर्षांपूर्वी जायला लागला. आधी बारीक आवाज गेले, मग पक्ष्यांचे, मग बायकोचा, असं ताई म्हणते. तिचा क्रम वेगळा असू शकतो. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते घातल्यावर सगळ्या मशिनी एकाच सुरात कुरकुरतात म्हणाले, आणि ठेवून दिलं.

दुसरा एखादा खचला असता. यांनी उद्योग काढला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनचा आवाज मोबाइलमध्ये घ्यायचा, आजारी असताना एकदा, बरी झाल्यावर एकदा, आणि महिन्या-सहा महिन्यांनी तब्येत विचारायला जाऊन पुन्हा एकदा. ते आवाज साइटवर ठेवायचे. तिथे प्रत्येक आवाजाचं चित्र दिसतं, करवतीच्या दातांसारखं. नवी मशीन आली की तिचं चित्र काढायचं, जुन्या चित्रांशेजारी धरायचं, आणि कुठल्या आजारासारखं दिसतंय ते बघायचं. कानाने जे कळायचं ते असं डोळ्याने कळून घ्यायला लागले. सहाशे बारा आवाज जमले. नावं घालायचं काम माझं, कारण निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथेच असते. सगळे आवाज सगळ्यांना मोकळे. 'ज्याला उपयोग असेल त्याने घ्यावा,' असं त्यांनी मला वर लिहायलाच लावलं होतं.

आणि एक गोष्ट आत्ताच कबूल करून टाकते. मोबाइल भरला म्हणून मूळ आवाज पुसत जायचा सल्ला माझा. "तिकडे ठेवलेत ना भावोजी, तिकडे काय उंदीर लागणार आहेत?" हे माझं वाक्य. मी ते विसरलेले नाही, आणि ताई विसरू देणारही नाही.

तर मंगळवारी खात्याला कुलूप. आतलं एक चित्रसुद्धा दिसेना. बाकावर एक ओव्हरलॉक मशीन उघडून पडली होती, कापडाच्या कडा शिवतात ती. भावोजींनी माझ्या खात्यावरून तिचं चित्र काढलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि तुलनेला शेजारी काहीच नाही म्हणून तसेच बसून राहिले. मग पाना खाली ठेवला.

"साहेब," ते मला म्हणाले. मला ते साहेबच म्हणतात, काउंटरवरून चिडवायला. पण या वेळी चिडवणं नव्हतं. "हे गेलं, तर मी दुकान बंद करतो. अंदाजाने लोकांच्या मशिनी उघडायच्या नाहीत मला."

ताईने पुन्हा चष्मा लावला आणि पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.

ज्याचा आवाज चोरला म्हणत होते, ते एक गाणं होतं. पत्रात त्याचं नाव होतं. लावलं. एक मुलगी गात होती आणि खाली खटखट, खटखट चाललं होतं. किती लोकांनी ऐकलं तो आकडाही होता, शून्यं मोजता मोजता मी चुकले. मला काही ते गाणं आवडलं नाही. संताप झालेला असताना कुठलं गाणं आवडतं?

आणि संताप कशाचा, तर गाणं आठ महिन्यांपूर्वीचं, आमचे आवाज दोन वर्षांपूर्वीचे! दोन्ही तारखा पत्रातच छापलेल्या, एकीखाली एक! आमच्या ऑफिसात एक कारकून होते, जेवणानंतर डोळे उघडे ठेवून झोपायचे. त्यांनासुद्धा या दोन तारखा दाखवल्या असत्या तर झोपेतच म्हणाले असते, अहो, आधीचं नंतरच्याची चोरी कशी करेल?

तक्रारीवर तक्रार करायला एक फॉर्म होता. मी भरला. फॉर्म कसा भरावा हे मला कोणी शिकवू नये. तारखा घातल्या, मुद्दे घातले, भाषा नम्र ठेवली. चार मिनिटांत उत्तर आलं. 'तुमचं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं आहे. दावा कायम.'

चार मिनिटं! फोटोत कान दिसत नाही म्हणून मी माणसं परत पाठवलेली आहेत, नाही म्हणत नाही. पण माणूस माझ्यासमोर उभा असायचा. तो माझ्यावर ओरडायचा. एकाने तर माझ्या टेबलावर छत्री आपटली होती, आणि खरं सांगते, त्याचं बरोबर होतं, मी फॉर्म परत घेतला. इथे छत्री आपटायची तर कुठे?

मग मला राग सोडून दुसरंच काही लागलं, आणि ते रागापेक्षा चिवट असतं. मला कळून घ्यायचं होतं की हे ठरवतं कोण. मंगळवारचा अख्खा दिवस मी वाचत बसले. कळलं ते एवढंच: माणूस नाहीच. एक यंत्र आहे. गाणं कोणी मालकी लावून नोंदवलं की ते यंत्र जगातले सगळे आवाज त्याच्याशी ताडून बघतं. जुळतंय का, एवढंच बघतं. आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न त्याला कोणी घालूनच दिलेला नाही. मला त्याची थोडी कीवच आली. मग चार मिनिटं आठवली आणि ती गेली.

बुधवारी सकाळी प्रश्न होता, आमचे तीन आवाज कुठले? पत्रात नुसते लांबलचक नंबर. भावोजी म्हणाले, "ते गाणं लाव. मोठ्याने." मी बाकावर स्पीकर ठेवला. त्यांनी त्यावर तळहात टेकवला, जसा ते मशीनवर टेकवतात, आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने ओठ हलायला लागले.

"सात... आठ... सात... आठ."

मग चेहरा खुलला. आणि दुसऱ्याच क्षणी इतका पडला की मी स्पीकर बंद केला.

"उद्याबाईंची मशीन आहे ही," ते म्हणाले. "आणि तो माझा सांधा आहे."

उद्याबाई म्हणजे तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई. कधीही जा, "उद्या या" म्हणतात, म्हणून उद्याबाई. त्यांची मशीन पायाने चालवायची, जुनी. खालचं मोठं चाक आणि वरचं छोटं चाक यांच्यावरून चामड्याचा पट्टा फिरतो. पट्टा सैल झाला की कापून आखूड करायचा आणि दोन टोकं तारेने जोडायची. तोच सांधा. तो वरच्या चाकावरून गेला की टक् असा आवाज होतो. दोन वर्षांपूर्वी भावोजींनी पट्टा कापला, तेव्हा लांबी अशी बसली की टक् दर साडेसात टाक्यांनी यायचं. अर्धा टाका काही कानाला कळत नाही. म्हणून एकदा सातानंतर, एकदा आठानंतर.

"घाईत केला होता," भावोजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तारेचं टोक वर राहिलं. नाहीतर एवढं टक् होत नाही."

मी गाण्याखालचं लोकांचं कौतुक वाचायला घेतलं. 'काय वाकडा ताल आहे!' 'असा ताल सुचायला वेगळंच डोकं लागतं.' 'सात-आठची ही गंमत मी रात्रंदिवस ऐकतोय.' एकेक वाक्य त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. ताई हसून हसून बाकाला धरून बसली.

"लाज आणली," भावोजी म्हणाले.

"अहो, लोक नावाजताहेत!"

"माझी चूक नावाजताहेत. चूक ती चूकच."

गुरुवारी आम्ही तिघं उद्याबाईंकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, खिडकीजवळ मशीन, पलंगावर कापलेल्या कापडांचे ढीग, प्रत्येकाचा उद्या वेगळा. सगळं ऐकून घेतल्यावर त्या आधी काय म्हणाल्या तर, "म्हणजे ते गाणं माझ्या मशीनचं? मग पाय माझे होते! मालकीण मी."

"सांधा माझा," भावोजी म्हणाले.

"तार कोणी आणून दिली होती?" ताई म्हणाली.

"मोबाइल माझा होता," मीही मागे राहिले नाही.

"मशीन सासूबाईंची," उद्याबाई म्हणाल्या आणि स्वतःच गप्प झाल्या.

"मग ज्या जनावराचं चामडं, त्यालाच विचारू," भावोजी म्हणाले आणि आम्ही हसलो. पण हसता हसता मला खरंच प्रश्न पडला. आवाज कोणाचा? चालवणारीचा, जोडणाऱ्याचा, टिपणाऱ्याचा, की त्यावर गाणाऱ्या मुलीचा? तिनेही त्या खटखटीत काहीतरी ऐकलं, जे आम्हा चौघांना दोन वर्षांत ऐकू आलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. चार शहाणी माणसं अर्धा तास भांडून कुठे पोचली नाहीत, आणि त्या यंत्राने ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवून टाकलं होतं.

मी ठरवलं, आता पुरावाच दाखवायचा. उद्याबाईंना मशीन चालवायला लावली, उशीचा अभ्रा घातला सुईखाली, आणि व्हिडिओ काढला. टक् आलं की ताई मोठ्याने आकडा म्हणायची. सात! आठ! मी तो माझ्या खात्यावरून साइटवर टाकला आणि लिहिलं, 'हे बघा, हा आवाज इथला आहे.'

मिनिट झालं नसेल. 'तुमच्या व्हिडिओमधला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आढळला आहे. व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे.'

मी ते वाचून दाखवलं. उद्याबाईंचे पाय अजून पायट्यावर होते. त्यांनी ते हळूच उचलून खुर्चीखाली घेतले.

"मग मी आता शिवायचं की नाही?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती. खरंच विचारत होत्या.

तेवढ्यात भावोजी म्हणाले, "आवाज काढून टाक त्यातला."

"अहो, आवाजाचाच तर वाद आहे!"

"मला तरी कुठे ऐकू येतो?" ते म्हणाले. "तरी कळलंच ना मला?"

मग कामाला लागलो. पट्ट्याच्या सांध्याला लाल दोरा बांधला. भावोजींनी मशीनच्या पाटावर एक बोट ठेवलं आणि डोळे मिटले. उद्याबाईंनी पाय मारायला सुरुवात केली. लाल दोरा चाकावर आला, की त्याच क्षणी भावोजींचं बोट वर. दोरा, बोट. दोरा, बोट. एकदाही चुकलं नाही. मी तो व्हिडिओ मुका करून टाकला आणि वर लिहिलं, 'गाणं लावा आणि हे बघा.' तो मात्र टिकला. मुका होता म्हणून जगला.

आता त्या मुलीला गाठायचं होतं. गाण्यावर तिचं टोपणनाव तेवढं होतं. शोधता शोधता तिची एक मुलाखत सापडली. त्यात ती सांगत होती की कोणीतरी पुढे पाठवलेला पाच सेकंदांचा आवाज तिच्याकडे आला होता, बिननावाचा, आणि त्यावरून गाणं सुचलं. 'तो आवाज कशाचा आहे ते मला अजून कळलेलं नाही. कोणी म्हणतं छापखाना, कोणी म्हणतं हातमाग. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.' म्हणजे बाई गं, तूही शोधतेच आहेस! मी त्या मुलाखतीखाली, गाण्याखाली, दिसेल तिथे लिहून आले. लिहिलंही माझ्या जुन्या सवयीने: 'विषय: आपल्या गाण्यातील खटखट. संदर्भ: आपली विचारणा. उत्तर: पट्ट्याचा सांधा. सोबत व्हिडिओ. आपल्या गाण्यामुळे एका माणसाचं दुकान मंगळवारी बंद पडणार आहे. त्वरित कार्यवाही व्हावी.' खाली ताईच्या घरचा फोन नंबर. आणि सही.

शुक्रवार गेला. काही नाही. ओव्हरलॉकवाल्या गिऱ्हाइकाने दोनदा चौकशी केली.

शनिवारी दुपारी भावोजी घरात नव्हते. तासाभराने आले, हात तेलकट, चेहरा समाधानी. आठवडाभरात तो चेहरा दिसला नव्हता म्हणून मला आधी आनंदच झाला.

"कुठे गेला होता?"

"उद्याबाईंकडे. नवा पट्टा घातला. आता मशीन कशी चालते बघ जाऊन, टक् नाही की टुक् नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पुरावा दुरुस्त केलात?" मी किंचाळले. कानाशी जायची गरज पडली नाही.

"सगळं जग ऐकतंय ते," भावोजी म्हणाले. "उद्या कोणी बघायला आलं, तर माझा सांधा तसा दिसायला नको."

"बघायला आलं तर दिसायलाच हवा होता! घाला परत जुना!"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत जुना पट्टा, गुंडाळून ठेवलेला, वर तारीख आणि उद्याबाईंचं नाव. "काढताना सांधा कापावा लागतो," ते म्हणाले, आणि हे म्हणताना मात्र त्यांच्या लक्षात येत गेलं, ते मला चेहऱ्यावर दिसलं. "पुन्हा जोडला की दोन बोटं आखूड होणार. मग सात-सात-आठ येईल. सात-आठ यायचं नाही."

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. ताई म्हणाली, "बहिऱ्या माणसाशी अबोला धरून काय उपयोग गं? त्यांना कळायलाच दोन दिवस लागतील."

रविवारी सकाळी फोन वाजला. मी उचलला. पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सांधा? खरंच सांधा? पट्ट्याचा?"

तीच होती. आवाजावरून विशीतली. दीड वर्ष ती तो आवाज कशाचा ते विचारत होती, आणि मुका व्हिडिओ तिने गाणं लावून वीस वेळा बघितला होता. तिने मला इतके प्रश्न विचारले की भांडायला फोनजवळ उभी राहिलेली मी पट्टा कसा कापतात ते समजावत बसले. तार कसली, चाक केवढं, अर्धा टाका कुठे जातो. माझी चिडचिड कुठल्या कुठे गेली. मग मी तिला खात्याचं सांगितलं.

"काकू, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. रडकुंडीला आली होती. "मी तक्रार केलीच नाही. गाणं नोंदवणारी कंपनी आहे, त्यांचं सगळं आपोआप होतं. मी आत्ता मागे घेते."

दुपारी तिचा पुन्हा फोन. तिने फॉर्म भरला होता. चार मिनिटांत उत्तर आलं होतं. 'आवाज गाण्याशी जुळत आहे. दावा कायम.' तिच्याच गाण्याबद्दल, तिलाच!

मला हसू आलं आणि लगेच रडूही. सोमवार उरला होता फक्त.

"काकू, काकांचे एकूण किती आवाज आहेत?" तिने विचारलं.

"सहाशे बारा."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी गाणं दिसेनासं झालं. तिने ते स्वतःच काढून टाकलं होतं, सगळीकडून, नोंदीतूनसुद्धा. मीच फोन केला. "अगं पोरी, तुझी ती सगळी शून्यं?"

"गेली."

"मग गं?"

"काकू, गाणं दुसरं करता येईल. सहाशे बारा मशिनी कुठून आणू?"

मी फोन ताईच्या हातात दिला आणि उगाच चहा टाकायला गेले.

मंगळवारी सकाळी खातं उघडलं. ज्याच्याशी जुळत होतं तेच उरलं नाही, तेव्हा तक्रारही उरली नाही. करवतीचे दात ओळीने आले. भावोजींनी आधी ओव्हरलॉकचं चित्र घेतलं, जुन्या चित्रांशेजारी धरलं, एकशे चाळिसाव्यापाशी थांबले. "आतला भाग घासतोय," म्हणाले, आणि चहा निवायच्या आत मशीन चालू झाली. मी इतक्या टाळ्या वाजवत होते की गिऱ्हाईक घाबरलं.

मग ते यादी खाली सरकवत गेले. थांबले. पुन्हा वर गेले.

"साहेब, उद्याबाईंचे कुठे आहेत?"

तीन ओळी रिकाम्या होत्या. प्रत्येकीत तेच: 'हा आवाज मालकी हक्काच्या कारणाने कायमचा काढण्यात आला आहे.' मी सगळी बटणं दाबली. परत मिळायची सोय नव्हती. सहाशे नऊ.

पट्टा कापलेला. मशीनला नवा पट्टा, टक् नाही की टुक् नाही. मी मुलीला फोन केला. तिच्याकडे आलेला पाच सेकंदांचा तुकडा जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला होता. माझ्या मोबाइलमधले व्हिडिओ मी जुन्या सवयीने टाकल्या टाकल्या पुसले होते, उरला तो मुकाच. तो सांधा आता जगात कुठेच वाजत नव्हता.

भावोजींनी मला कोपराने ढोसलं. "तिला सांग, गाणं परत लाव."

मी सांगितलं. ती म्हणाली, "नको काकू, पुन्हा तक्रार होईल. पुन्हा खातं बंद पडेल."

तेव्हा मला ते कळलं. "नाही होणार," मी म्हटलं. "आमच्याकडे आता जुळायला काही राहिलेलंच नाही."

तिने माझ्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "उद्या लावते."

आणि खरंच लावलं. उद्याबाईसुद्धा आल्या ऐकायला, काम टाकून. आकडा एकावर होता आणि तो एक म्हणजे आम्हीच. मी स्पीकर बाकावर ठेवला. भावोजींनी तळहात टेकवला. उद्याबाईंचे पाय खुर्चीखाली आपोआप वरखाली व्हायला लागले.

"कसं आहे गं गाणं?" भावोजींनी मला विचारलं. "मला खटखट तेवढी लागते हाताला. ती काय म्हणतेय?"

आठवडाभर मी त्या गाण्याला शिव्या घातल्या होत्या. शब्द आज पहिल्यांदा ऐकले. त्यांच्या कानाशी वाकले. "कोणीतरी खूप दिवसांनी घरी येतंय म्हणते. आणि दार उघडंच आहे."

"बरं आहे का?"

"चांगलं आहे हो," मी म्हटलं. डोळे पुसायला पदर शोधायला लागला मला.

ते पुन्हा मोजायला लागले. सात. आठ. सात. आठ. गाणं संपलं तरी हात तिथेच होता.

"तार वर राहिली होती खरी," ते म्हणाले. "पण सांधा तसा चांगला बसला होता."